मदत हवी आहे: हॉटेलच्या तपासणीचा अहवाल बघायला मिळतो का?

नमस्कार मंडळी. रविवारी मालवणात बांगड्याची थाळी जेवलो. तासाभरात आईचं तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकायला लागलं, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टर म्हणाले, मासळी नीट बर्फात ठेवली नाही की तिच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. आई आता बरी आहे.

हात धुवायला मागे गेलो तेव्हा थर्माकोलच्या पेटीत बर्फाचं नुसतं पाणी झालेलं दिसलं होतं. त्यात बांगडे, वर कोथिंबिरीची जुडी. तेव्हाच उठायला हवं होतं, राहून राहून वाटतं.

भिंतीवरच्या परवान्याचा १४ आकडी नंबर फोटोत आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अस्वच्छतेसाठी १ लाखापर्यंत दंड आहे. पण तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी तक्रार ॲपवर करू की अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी देऊ? आधी तपासणी कधी झाली, सुधारणा नोटीस निघाली होती का, हे माहितीच्या अधिकारात मिळतं का? सिंधुदुर्गात कुणी असा अर्ज केलाय? किती दिवसांत उत्तर आलं?

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आत तपासणी व्हावी, एवढंच हवंय.