तीस गुंठे रान आणि सव्वापाच मीटरचा पिकअप

रहिमतपूरकर

आमचे साडू कराडला असतात. नोकरी बँकेत, शेती तीस गुंठे, तीही वाट्याने दिलेली. गेल्या महिन्यात त्यांनी जाहीर केलं की आता कार विकायची आणि पिकअप घ्यायचा. मला वाटलं, बोलेरो पिकअप घेऊन भाड्याला लावतायत, निवृत्तीनंतरची सोय. कसलं काय! डबल केबिन (सीटच्या दोन रांगा), फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, पांढरी पाटी. किंमत विचारली तर मेहुणीने चहा आणू का म्हणून विषय बदलला.

कशाला हवा, म्हटलं. तर म्हणाले, "शेताला लागतोच की."

या 'शेताला'वरच माझा आक्षेप आहे. टोयोटाची हायलक्स २०२२ ला आपल्याकडे आली तेव्हा सुरुवातच ३४ लाखांच्या घरात होती, पुढच्या वर्षी जरा उतरवली. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ ला साडेबारा लाखांत आली होती, आज दुपटीच्या आसपास गेलीय. हायलक्सची लांबी ५.३ मीटर, म्हणजे इनोव्हा क्रिस्टाहूनही जवळजवळ दोन फूट जास्त. आणि एवढ्या लांबीत हौदा किती, तर साधारण पाच फूट. बोलेरो पिकअपचा हौदा दहा फुटीपर्यंत मिळतो. म्हणजे तिप्पट पैसे मोजून अर्धा हौदा.

मी माझा गेल्या वर्षाचा हिशेब काढला. मालाची गाडी मला सहा वेळा लागली. आल्याचं बेणं, गोठ्याचे पत्रे, एक लोखंडी कपाट, लेकीचं सामान पुण्याहून आणायला, आणि दोनदा आलं मार्केटला न्यायला. सगळं भाडं मिळून साडेनऊ हजार. साडू २५ लाखांचं कर्ज काढणार आहेत. नऊ टक्क्यांनी सात वर्षं धरली तर हप्ता महिन्याला चाळीस हजार. माझ्या चार वर्षांच्या भाड्याएवढा त्यांचा एक महिना.

ज्याला पिकअप खरंच लागतो त्याच्या दारात तो आहेच, पिवळ्या पाटीचा. बाकी आपल्यासारख्यांना तो फोनवर मिळतो. चुकत असेन तर सांगा.

तासगावचा बेदाणा

चुकताय. साडूंचं तुम्ही बघून घ्या, पण 'फोनवर मिळतो' हे शहरात राहणाऱ्याचं वाक्य आहे.

माझी चार एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंग्यापासून (कोंब फुटतात तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत आम्ही आभाळाकडे बघत झोपतो. रात्री पाऊस पडला तर सकाळी डाऊनीचं, म्हणजे पानावरच्या बुरशीचं, औषध बसायलाच हवं. उशीर करून उपयोग नाही, मग काही दिवसांत पानामागे पांढरं दिसायला लागतं. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक बागवाल्याला गाडी हवी असते. कुणाला फोन करू?

पूर्वी मी सगळं कारच्या डिकीतून न्यायचो. एकदा औषधाचा कॅन गळला. वास आत कोंडला, धाकटी मागच्या सीटवर ओकली. नंतर तीनदा धुऊन घेतली तरी उन्हात गाडी तापली की वास यायचाच. पुढच्याच हंगामात जुना डबल केबिन बोलेरो कॅम्पर घेतला. आता औषध मागे, माणसं पुढे, मध्ये काच आणि पत्रा. सकाळी बाया बागेत सोडायच्या, येताना क्रेट भरून आणायचे, मार्चमध्ये रॅकवरून बेदाणा उतरवायला जायचं, आणि रविवारी त्याच गाडीतून आईला मिरजेला डॉक्टरकडे न्यायचं. दोन गाड्या परवडत नाहीत म्हणून ही एक आहे. मी सामान्य माणूस नाही का?

रहिमतपूरकर

औषधाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मान्य. पण तुमचा कॅम्पर जुना, माझा आक्षेप ३० लाखांच्या पुढच्यावर आहे. त्याच्या हौद्यात तुम्ही गळका कॅन ठेवाल का? साडूंनी तर हौद्याला आतून लायनिंग आणि वरून झाकण आधीच ठरवलंय. ओरखडा पडू नये म्हणून.

खिलारप्रेमी (खटाव)

गरज, गरज, गरज. माझ्या चुलत्यांच्या दावणीला शर्यतीचा खिलार आहे. त्याला रोज दूध, अंडी, उडदाची पेंड. नांगराला एक दिवस जुंपलेला नाही. शर्यतीवर बंदी होती तेव्हाही सांभाळला, २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा अख्ख्या गावाने गुलाल उधळला. त्या बैलाची गरज काय, असं कुणी विचारलं नाही. बुलेट घेणाऱ्याला विचारत नाहीत, दहा तोळ्यांची चेन घालणाऱ्याला विचारत नाहीत. गाडीच्या मागे हौदा आला की लगेच सगळे कृषी अर्थतज्ज्ञ!

माझ्याकडे जुनी व्ही-क्रॉस आहे. आवडते म्हणून घेतली. पाणंदीतून पावसाळ्यात जाते. बाकी गाड्या डांबरावर लावून चिखल तुडवत येतात. आनंद आहे तो.

त्रास पण सांगतो, लपवत नाही. एका टोलनाक्यावर पांढरी पाटी बघूनही फास्टॅगमधून हलक्या मालवाहूचे पैसे कापले. २००८ च्या टोल नियमात मूळ दरच कारला किलोमीटरला ६५ पैसे आणि हलक्या मालवाहूला १ रुपया ५ पैसे असा आहे. मी आरसी बुक काढून दाखवलं तर तिथला पोरगा म्हणतो, "काका, मागं हौदा हाय न्हवं?" मागे गाड्यांची रांग, हॉर्न. दिले पैसे.

रहिमतपूरकर

तुमच्याशी माझं भांडणच नाही. तुम्ही 'आवडते' म्हणालात, विषय संपला. साडूंनी असं म्हटलं असतं तर मी पेढे घेऊन गेलो असतो. तीस गुंठ्यांच्या नावावर खपवतायत याचा राग आहे. चुलत्यांनी कधी म्हटलं का, की खिलार नांगराला घेतलाय?

सातारा टेम्पो

माझा छोटा हत्ती हाय, स्टँडवर लावतो. एमएच ११. वाचून करमणूक झाली म्हणून लिहितोय.

भाड्यानं मिळतो म्हणणाऱ्यांनी एक करावं. दिवाळीच्या आदल्या दिवशी फोन करून बघावा. न्हायतर गणपतीच्या आदल्या संध्याकाळी. मंडळाची मूर्ती, मांडवाचं सामान, फ्रीज, सोफा, सगळ्यांना एकाच टायमाला गाडी पायजे. आन् इतर वेळी मी दुपारपोतर झाडाखाली बसून असतो. एक वर्दी आली तर येताना रिकामी फेरी. ती रिकामी फेरी कुणी धरत न्हाय, पार्टी म्हणते जायाचंच भाडं घ्या.

तुमचं साडेनऊ हजार हे आमच्या पोटावर हाय साहेब. गाडीचा हप्ता, विमा, पासिंग. नव्या गाडीला आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, पुढं दरसाल. तुमच्या पांढऱ्या पाटीला पंधरा वर्षं कोण विचारत न्हाय. आन् हे हौशी लोक पांढऱ्या पाटीवर पावण्यारावळ्याचं सामान ओढत्यात, वर डिझेलपुरतं पैसे घेत्यात. ते भाडंच की. त्यावर कुणी बोला.

तरी साडूंना घेऊ द्या पिकप. पाच फुटाच्या हौद्यात कपाट बसत न्हाय. फाळका उघडा ठेवून दोरी बांधत्याल, एकदा कुठल्यातरी स्पीडब्रेकरवर कपाट घसरंल, मग मलाच फोन येणार.

नवशिक्या

मधेच विचारतो, माफ करा. कारचं लायसन्स आहे, त्यावर बोलेरो पिकअप चालवला तर पोलीस धरतील का? मामांचा आहे, सुट्टीत चालवायचाय.

तासगावचा बेदाणा

चालतं. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. पण मामांना म्हणावं, आधी रिकाम्या गाडीवर हात बसू दे. मागे वजन नसलं की पाटे (मागच्या स्प्रिंग) उडवतात, ओल्या रस्त्यावर मागची बाजू पळते. आणि हौद्यात मित्र बसवू नकोस. आमच्याकडे बाया अजून हौद्यात उभ्या राहून जातात. काय होतं ते आम्ही बघितलंय.

पेठेतला (सांगली)

सगळे शेतीवरच बोलताय. माझं दुकान गणपती पेठेच्या बाजूला. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर बघितले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट झालं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचा हिशेब चाळिसाच्या आत सुरू होतो. कोयनेतून किती सोडलं ऐकायचं आणि माल उचलायला लागायचं. त्या वर्षी मी टेम्पोसाठी अकरा जणांना फोन केले. सात जणांनी उचलला नाही, तिघे आधीच लागलेले होते, एकाने जो आकडा सांगितला तो इथे लिहीत नाही. अर्धा माल गेला.

त्यानंतर जुना पिकअप घेतला. वर्षाचे दहा महिने तो नुसता उभा असतो. बायको त्यावर वाळवण घालते. लोक हसतात. हसू देत.

मिशिगनचा सांगलीकर

मूळचा विश्रामबागचा, वीस वर्षं इकडे आहे. तुमचे साडू इथे शेकड्याने दिसतात. फोर्डची एफ सिरीज चार दशकांहून अधिक काळ इथला सगळ्यात जास्त खपणारा पिकअप आहे. माझ्या गल्लीत सहा आहेत, त्यातल्या एकाच्या हौद्यात मी माती बघितली. तो माळी आहे.

हे सगळं हौसेने झालं असं समजू नका. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा राग म्हणून १९६४ ला अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला. कोंबडीचं भांडण केव्हाच विसरलं गेलं, कर राहिला. बाहेरचे छोटे, स्वस्त पिकअप अडले. शिवाय ट्रकना इंधनाचे नियम कारपेक्षा सैल, आणि धंद्याच्या नावावर जड गाडी घेतली तर आयकरात भरघोस वजावट. मग कंपन्या मोठे ट्रकच का विकणार नाहीत? कामाचा आठ फुटी हौदा आखडत साडेपाचवर आला आणि पुढची केबिन दिवाणखान्याएवढी झाली.

आणि नाक! २०२३ ला इथल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने अभ्यास केला. बॉनेट ४० इंचांहून उंच असेल तर धडकलेला पादचारी मरण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, शेजाऱ्याच्या ट्रकपुढे उभी राहिली तर ड्रायव्हरला तिचा केससुद्धा दिसत नाही. साताऱ्यात राजवाड्यापाशी संध्याकाळी किती पोरं इकडून तिकडे पळत असतात ते आठवा.

खिलारप्रेमी (खटाव)

अमेरिकेतला ट्रक आणि आमची व्ही-क्रॉस यात हत्ती आणि रेड्याएवढा फरक आहे. आणि पोरं उडवायला उंच बॉनेट लागत नाही, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री बिनलाईटचा येतो त्याचं बोला आधी.

मिशिगनचा सांगलीकर

ट्रॉलीचं खरं आहे. पण एक धोका आहे म्हणून दुसरा आणायचा, हे काही पटलं नाही.

स्ट्रॉबेरीवाली (भिलार)

उघड्या हौद्याचं कौतुक चाललंय म्हणून दोन शब्द. स्ट्रॉबेरी उघड्यावर अर्धा तास नेली की वरचा थर मऊ पडतो, धूळ बसते ती वेगळी. पावसाळ्यात आमच्याकडे धो धो पडतो, ताडपत्री बांधेपर्यंत निम्मा माल भिजलेला. यांनीही पिकअपच बघितला होता, मीच नको म्हटलं. मारुतीची ईको व्हॅन घेतली. मागची सीट काढली की माल, लावली की माणसं. पसरणीचा घाट रोज उतरते, वाईत बाजारात कुठल्याही फटीत बसते. दिसायला डबा आहे, त्यामुळे साडूंना सुचवू नका, अपमान वाटेल.

पेठेतला (सांगली)

ताई, ईकोत माझी पोती किती बसतील?

स्ट्रॉबेरीवाली (भिलार)

तुमची नाही बसायची. तुमचं वेगळं आहे, वाळवण चालू द्या.

रहिमतपूरकर

ताजी बातमी. साडू काल चाचणीसाठी गाडी घरी घेऊन आले. त्यांच्या कॉलनीचं गेट जुनं, आत लगेच काटकोनात वळण. पहिल्या झटक्यात वळली नाही. तिसऱ्या झटक्याला वॉचमनने कुंड्या हलवल्या. पार्किंगच्या पट्ट्याबाहेर नाक एवढं आलं की वरच्या मजल्यावरचे काका लगेच खाली उतरले.

मी गप्प होतो, शपथ. मेहुणी म्हणाली, "कुंड्या कायमच्या हलवता येतील." म्हणजे घेणार. फक्त रात्री जेवताना साडू हळूच म्हणाले, "लहानपणापासून ट्रक चालवायचा होता रे, आमच्या अण्णांनी बँकेत चिकटवला." मी आग्रहाने अजून एक भाकरी घेतली.

बेदाणावाले, तुमच्या कॅम्परचा मुद्दा आणि पेठेतल्यांचा पूर, दोन्हीपुढे माझं 'फोनवर मिळतो' लंगडं पडतं, हे कबूल. बाकी मतावर ठाम आहे.

सातारा टेम्पो, आल्याचं बेणं आणायचंय, कोरेगावहून. शनिवारी जमेल का?

सातारा टेम्पो

शनिवारी लग्नाचं सामान हाय. रविवारी सकाळी सहाला या. हमाल तुमचा. आन् जाताना रिकामा जाणार न्हाय, कोरेगावला काय न्यायचं असंल तर आत्ताच सांगा.