मदत हवी आहे: हार्ड क्रोमखालून गंज फुटतोय, क्रोम मात्र जसाच्या तसा

नमस्कार मंडळी,

२० मिमी व्यासाचा रॉड आहे, मध्यम कार्बन पोलादाचा, इंडक्शन हार्डन केलेला (म्हणजे विजेच्या गुंडाळीने तापवून, झटकन थंड करून वरचा थर कडक केलेला). वर २५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) हार्ड क्रोम, म्हणजे झीज टाळायला चढवलेला कडक क्रोमचा मुलामा. काशाच्या बुशमधून (आधार देणाऱ्या नळीतून) पुढे-मागे सरकतो, टोकाला रबरी वायपर सील. जागा दमट, अधूनमधून खारं पाणीही उडतं.

झीज म्हणाल तर नाहीच. मायक्रोमीटर लावला तरी फरक सापडत नाही. पण मशीन आठवडाभर बंद राहिलं की रॉडवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके येतात. पुसले की जातात, पुन्हा तिथेच उगवतात. त्यांच्या खरखरीने सीलची कड फाटते आणि तेल गळायला लागतं. म्हणजे रॉड धडधाकट, मरतंय सील!

आधी झिंक करून पाहिलं होतं. गंज आला नाही, पण बुशने झिंकच खरवडून नेलं. हसू नका, तेव्हा कळत नव्हतं.

आता प्लेटिंगवाला म्हणतो, क्रोम ५० मायक्रॉन करू. दुसरा म्हणतो, क्रोम सोडा, इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय, रसायनातून चढणारं निकेल) करा आणि ४०० अंशांवर तासभर भाजा, क्रोमइतकंच कडक होतं. कोणाचं ऐकू?

प्रतिसाद १

क्रोम गंजत नाहीये, गंजतंय ते खालचं पोलाद. हार्ड क्रोममध्ये अंगचाच ताण असतो, त्यामुळे थर बसतानाच त्याला केसाहून बारीक तडे जातात. पाणी त्यातून खाली उतरतं. झिंक स्वतः झिजून पोलादाला वाचवतं. क्रोमचं उलट आहे. तड्याच्या बुडाशी उघडं पडलेलं पोलाद एवढंसं आणि भोवती क्रोम भरपूर, त्यामुळे गंज तिथेच खोल जातो. रॉड चालू असताना तड्यांत तेल भरलेलं राहतं, म्हणून ठिपके मशीन बंद असतानाच दिसतात.

जाडी वाढवल्याने आरपार तडे कमी होतील, पण खात्रीचं नाही. क्रोमखाली २० मायक्रॉनच्या आसपास गंधकविरहित मॅट निकेलचा थर घ्या. निकेलही पोलादासाठी बळी जाणारं नाही, तो नुसता आडोसा आहे. छिद्र राहिलं तर तीच कथा पुन्हा. पोटॅशियम फेरीसायनाइड आणि मिठाच्या द्रावणात भिजवलेला कागद लावून पाहा. जिथे लोखंड उघडं आहे तिथे निळे डाग उठतात.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. ४०० अंशांचं मात्र अजिबात करू नका. तुमचा रॉड इंडक्शन हार्डन आहे, एवढ्या उष्णतेत त्याची स्वतःची कडकी उतरेल. शिवाय भाजल्यावर निकेल-फॉस्फरस (इलेक्ट्रोलेस निकेल म्हणजे हेच) कडक होतं खरं, पण आकसून तडकतं आणि गंजरोधकपणा घालवून बसतं. दोन्ही लाडू एकदम मिळत नाहीत.

एक सांगा, ठिपके सगळीकडे आहेत की एकाच बाजूला?

धागाकर्ता

आत्ताच जाऊन पाहिलं. जवळजवळ सगळे एकाच बाजूला! हे लक्षातच आलं नव्हतं.

प्रतिसाद २

मग ग्राइंडिंग तपासा. क्रोम जाड चढवून नंतर मापात घासतात. रॉड वाकडा असेल किंवा सेंटर (घासताना रॉड ज्या मध्यबिंदूंवर फिरतो ते) सरकलं असेल, तर एका बाजूचा क्रोम जास्त निघतो. मायक्रोमीटर एकूण व्यास दाखवतो, थर दाखवत नाही. जाडी मोजायचं चुंबकीय गेज घ्या आणि रॉडच्या चारही अंगांना लावा. निकेल घेतल्यावर मात्र हे गेज फसतं, निकेल स्वतःच चुंबकीय आहे.

नवा रॉड कराल तेव्हा प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर बेकिंग सांगा, रॉडचं टेम्परिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) ज्या तापमानाला झालंय त्याच्या खालीच. प्लेटिंग करताना कडक पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढला नाही तर रॉड एक दिवस काही न सांगता तुटतो.

धागाकर्ता

गेज मागून आणलं. एका बाजूला ३१, समोरच्या बाजूला ९ मायक्रॉन. ग्राइंडिंगवाल्याकडे निघालोय.