जर्मनीत मास्टर्स : ‘फी नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

तळेगावकर

मंडळी, भाचीचं मेकॅनिकलचं बी.ई. या जूनमध्ये संपतंय. पुणे विद्यापीठ, सीजीपीए ८.१, एकही एटीकेटी नाही. पुढे जर्मनीत मास्टर्स करायचंय. जो तो म्हणतो तिकडे फी नसते, पण कन्सल्टन्सीने काढून दिलेल्या तिन्ही विद्यापीठांच्या पत्रकात वर्षाला ११ ते १४ हजार युरो फी आहे. विचारलं तर म्हणाले, "सर, फ्रीवाल्यांत तिचं होणार नाही." माझे प्रश्न तीन. फी असते की नसते? नसेल, तर घरून एकूण किती पैसे उभे करावे लागतात? आणि ८.१ वर खरंच होत नाही का?

हिशेबनीस

फी नसते, पण सरकारी विद्यापीठात. तुमच्या हातात आहेत ती बहुधा खाजगी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खाली बारीक अक्षरात बघा. ‘श्टाटलिश’ एवढंच असेल तर सरकारी. ‘श्टाटलिश आनेरकान्ट’ असेल तर खाजगी, पण सरकारमान्य. पदवी दोन्हीकडची वैध असते, फसवणूक अशी काही नाही. पण ‘आनेरकान्ट’ या एका शब्दाची किंमत दोन वर्षांत पंचवीस लाखांच्या आसपास जाते आणि पत्रकाच्या इंग्रजी भाषांतरात दोन्हीकडे ‘स्टेट’ येत असल्यामुळे माणूस गाफील राहतो. सरकारी विद्यापीठं एजंटाला सहसा छदाम देत नाहीत, खाजगी देतात. तिन्ही नावं एकाच जातीची का निघाली, ते यावरून समजा.

आता सरकारी असूनही फी घेणारे अपवाद. हे मात्र पाठ हवेत.

पहिला, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग हे सगळं त्यातच. २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे सत्राला १५०० युरो आहेत. पीएच.डी.ला नाहीत. दुसरा, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे टीयूएम. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नच्या नव्या कायद्याने विद्यापीठांना मुभा मिळाली आणि २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून त्यांनी बाहेरच्या देशांतल्या नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४००० किंवा ६००० युरो लावले. त्यांच्याच शिष्यवृत्त्या आणि माफीच्या सवलती आहेत, पण मिळतीलच असं धरून घराचं बजेट बांधू नका.

तिसरा अपवाद सगळ्यात फसवा. अभ्यासक्रम ‘कोन्झेकुटिफ’ आहे की ‘वायटरबिल्डेन्ड’, ते बघा. कोन्झेकुटिफ म्हणजे बी.ई.नंतर सरळ पुढचा मास्टर्स. वायटरबिल्डेन्ड म्हणजे नोकरी करून आलेल्यांसाठीचा, एम.बी.ए.च्या वळणाचा. तो सरकारी विद्यापीठातही सहसा पैसे भरूनच असतो. एकाच विद्यापीठात, एकाच इमारतीत, एक मास्टर्स फुकट आणि शेजारचा वीस हजार युरोंचा, असं असू शकतं. म्हणून ‘अमुक विद्यापीठ फ्री आहे का’ हा प्रश्नच चुकतो. विचारायचं अभ्यासक्रमाबद्दल.

आणि जे ‘फ्री’ आहे तिथेही दर सत्राला ‘झेमेस्टरबायट्राग’ भरावा लागतो, साधारण १०० ते ४०० युरो. ती शिकवणीची फी नव्हे. त्यात मेस-वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा वाटा, विद्यार्थी संघटनेची वर्गणी आणि बऱ्याच ठिकाणी प्रवासाचा पास येतो. पास बहुधा डॉइचलांडटिकेटचा विद्यार्थी प्रकार, मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत. त्यावर देशभर लोकल, बस, ट्राम आणि साध्या गाड्या चालतात, वेगवान आयसीई नाही.

मोड्यूलवाली

८.१ वर होत नाही हे चूक. तिकडे तुमचा सीजीपीए ‘सुधारित बायरिश सूत्रा’ने बदलून घेतात. कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा किमान-उत्तीर्ण याने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला.

१० पैकी ८.१ आणि पास होण्याचा श्रेणीबिंदू ४ असेल तर : १.९ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर १.९५. तोच पास-बिंदू कुणी ५ धरला तर २.१४. अनेक मास्टर्सना २.५ ही मर्यादा असते, त्यामुळे दोन्ही चालतील. पण जिथे स्पर्धा आहे तिथे या दोन दशांशांनी नाव वरखाली होतं. म्हणून पास होण्याची किमान श्रेणी कोणती, हे ट्रान्स्क्रिप्टच्या मागच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या पत्रात स्पष्ट छापलेलं हवं. ते नसेल तर तपासणारा त्याच्या तक्त्यातला आकडा घेतो आणि मग भांडून उपयोग नसतो.

तरीही आपल्याकडची मुलं सीजीपीएवर कमी आणि ईसीटीएसवर, म्हणजे युरोपातल्या क्रेडिटच्या मापावर, जास्त अडकतात. मास्टर्सच्या नियमावलीत लिहिलेलं असतं : गणित किमान २० ईसीटीएस, मेकॅनिक्स १५, थर्मो १० वगैरे. आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे. आपल्या चार वर्षांच्या बी.ई.ला ढोबळपणे २४० ईसीटीएस धरतात. पदवीचे एकूण क्रेडिट १७० असतील तर एक क्रेडिट म्हणजे सुमारे १.४ ईसीटीएस. गणिताचे तीन पेपर मिळून १२ क्रेडिट असतील तर १७ ईसीटीएसच झाले, आणि नियम २० चा असेल तर ९.५ सीजीपीएवालीलाही नकार येतो. अशा वेळी न्यूमेरिकल मेथड्स, स्टॅटिस्टिक्स असे पेपर गणितात मोजून दाखवावे लागतात.

त्यासाठी तक्ता भाचीने स्वतः बनवायचा. डाव्या रकान्यात त्यांचा विषय, उजवीकडे आपला पेपर, क्रेडिट, तासिका आणि अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधला पान क्रमांक. पान क्रमांक नक्की द्या. तपासणाऱ्याला तीनशे पानांच्या पुस्तिकेत ‘हीट ट्रान्स्फर’ शोधायला लावलं तर तो शोधत नाही. कन्सल्टन्सी हे काम करून देत नाही, तुम्हाला त्यांची गरज नाही असं माझं मत होण्याचं मुख्य कारण हेच.

आणखी एक शब्द शोधा : ‘त्सुलासुंग्सफ्राय’. म्हणजे जागांची मर्यादा नाही, अटी पूर्ण केल्या की प्रवेश. केम्निट्झ, मागडेबुर्ग, सीगेन अशा शहरांतले अभ्यासक्रमही चाळा. नाव घरात कुणी ऐकलेलं नसतं, पण प्रयोगशाळा उत्तम असतात आणि खोलीचं भाडं म्युनिकच्या निम्मं.

खडूस काका

वरच्यांनी विद्यापीठाचं सांगितलं, मी क्रम सांगतो. हा चुकला की अख्खं वर्ष जातं.

आधी एपीएस. दिल्लीच्या जर्मन दूतावासाचा कागदपत्र-पडताळणी विभाग. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं. शुल्क १८,००० रुपये. दहावी-बारावीपासूनच्या गुणपत्रिकांच्या प्रती लागतात, आणि नावात फरक असेल तर तिथेच अडतं. दहावीला ‘आडनाव-नाव-वडिलांचं नाव’, पासपोर्टवर उलट, बी.ई.च्या गुणपत्रिकेवर आईचं नावही जोडलेलं : हे महाराष्ट्रातल्या मुलांचं खास दुखणं. प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. काही आठवडे लागतात, गर्दीच्या दिवसांत महिने.

मग अर्ज. काही विद्यापीठं थेट घेतात, बाकीची युनी-असिस्टमार्फत, म्हणजे विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. पाच अर्जांचे १९५ झाले. काहींना आधी ‘व्हीपीडी’ हवं असतं. म्हणजे युनी-असिस्ट फक्त गुण बदलून कागद देते आणि अर्ज तुम्ही विद्यापीठाकडे वेगळा करता. या कागदाला चार ते सहा आठवडे धरा. शेवटच्या आठवड्यात पैसे भरणाऱ्याचा कागद मुदतीनंतर येतो आणि ‘मी तर वेळेत भरलं होतं’ म्हणायची पाळी येते.

मुदत : हिवाळी सत्राला १५ जुलै ही जी तारीख सगळीकडे वाचायला मिळते, तिच्यावर विसंबू नका. युरोपबाहेरच्यांसाठी अनेक अभ्यासक्रमांची दारं मार्च ते मेमध्येच बंद होतात. निकाल जूनचा असेल तर सातव्या सत्रापर्यंतच्या गुणांवर अर्ज चालतो का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. चालत नसेल तर उन्हाळी सत्र, अर्ज बहुधा १५ जानेवारीपर्यंत. पण उन्हाळ्यात सुरू होणारे इंग्रजी अभ्यासक्रम कमी असतात.

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, पैशांकडे. युरो शंभर रुपये धरून हिशेब करा.

मोठी रक्कम ‘श्पेरकॉन्टो’ची, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो. ही फी नाही, भाचीचेच पैसे आहेत. तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ याप्रमाणे सुटतात. म्हणजे घरून बारा लाख एकदम, प्रवेशपत्र आल्यावर आणि व्हिसाच्या आधी. व्हिसाचे ७५ युरो वेगळे.

इथे गंमत अशी की विमानतळावर उतरल्या दिवशी हे पैसे हाताला लागत नाहीत. आधी पत्त्याची नोंदणी, मग चालू खातं, मग श्पेरकॉन्टो मोकळं. त्यात दोन-चार आठवडे सहज जातात. नेमका त्याच काळात घरमालक अनामत मागतो, कायद्याने मूळ भाड्याच्या तीन पटींपर्यंत. म्हणून पहिल्या महिन्यासाठी १५०० युरो वेगळे, फॉरेक्स कार्डावर.

९९२ चं काय होतं? आरोग्य विमा सरकारी विद्यार्थी दराने महिन्याला १५० च्या आसपास. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी घरामागे १८.३६, टीव्ही असो वा नसो. दर तिमाहीला ५५.०८ चं पत्र येतं आणि नवी मुलं ते जाहिरात समजून टाकून देतात. उरलेल्यातून भाडं आणि जेवण. मागडेबुर्गमध्ये भागतं. म्युनिकमध्ये खोलीलाच ७०० ते ९०० गेले तर भागत नाही.

विम्याबद्दल एक ताकीद : सुरुवातीला स्वस्त दिसतो म्हणून खाजगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, तर त्या शिक्षणाच्या काळात परत सरकारीत येता येत नाही. आणि विद्यार्थी दर तिशीपर्यंतच.

कामाची मुभा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. पण पहिल्या सहा महिन्यांची कमाई हिशेबात शून्य धरा.

तळेगावकर

हिशेबनीस, मोड्यूलवाली ताई, काका, मनापासून आभार. पत्रक पुन्हा पाहिलं, तिन्हीवर ‘आनेरकान्ट’ आहे. आता अजून दोन शंका. श्पेरकॉन्टोचे पैसे शैक्षणिक कर्जातून भरले तर चालतात का? आणि दोन वर्षांत मास्टर्स संपतं ना?

हिशेबनीस

चालतात. वर्षात १० लाखांवर रक्कम परदेशी गेली की बँक वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या पैशावर एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवले आणि टीसीएस कापला गेला तर विवरणपत्र भरताना वळता करून घ्या, तो खर्च नव्हे. शिक्षणकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते. बँकेला सांगताना फी शून्य आहे हे आधीच स्पष्ट करा. काही शाखांचा फॉर्म फीच्या रकान्याशिवाय पुढे सरकतच नाही, मग राहण्याच्या खर्चाचा तपशील लावून वरिष्ठांकडे पाठवावा लागतो.

आणि सत्राचे पैसे इथून थेट पाठवणार असाल तर शुल्काचा पर्याय ‘ओयूआर’ निवडा, म्हणजे सगळ्या बँकांचं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचं. नाहीतर मधली बँक १५-२० युरो कापते, विद्यापीठात समजा २८६ ऐवजी २६८ पोचतात आणि नोंदणी अर्धवट राहते. संगणकाला रक्कम जुळत नाही एवढंच कळतं. संदर्भाच्या ओळीत तिचा माट्रिकेल क्रमांक (विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक), वडिलांचं नाव नव्हे.

मोड्यूलवाली

कागदावर चार सत्रं, १२० ईसीटीएस. त्यातले ३० प्रबंधाचे. प्रत्यक्षात पाच-सहा सत्रं लागणं अगदी सामान्य आहे, कारण कंपनीतली इंटर्नशिप आणि प्रबंध दोन्ही लांबतात. फी नसलेल्या विद्यापीठात सहावं सत्र म्हणजे फक्त झेमेस्टरबायट्राग. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आणखी १५०० युरो, टीयूएममध्ये आणखी ४ ते ६ हजार. फीची तुलना सहा सत्रांवर करा, चारवर नको.

परीक्षेला एटीकेटीसारखं वाहून नेणं नाही. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीन संधी. तिसऱ्यांदा सक्तीच्या पेपरात नापास झाली तर ‘एन्डग्युल्टिश निश्ट बेश्टान्डन’, म्हणजे ‘कायमचं नापास’, असा शेरा बसतो, नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा घेता येत नाही. तयारी नसेल तर मुदतीत पेपरातून नाव मागे घ्यायचं. न सांगता गैरहजर राहिली तर तीही एक संधी गेली.

खडूस काका

‘ऱ्युकमेल्डुंग’ राहिलं की तुमच्या यादीत. दर सत्राआधी पुढच्या सत्राचे पैसे भरून नाव चालू ठेवावं लागतं. तारीख चुकली तर आधी दंड, मग नाव कमी. नाव कमी झालं की विद्यार्थी विमा, पास आणि राहण्याचा परवाना, सगळ्यालाच धक्का. फोनवर दोन गजर लावा : एक जानेवारीअखेरचा, एक जूनअखेरचा. आणि त्या कन्सल्टन्सीला आगाऊ काही दिलं असेल तर परताव्याची अट कराराच्या कुठल्या कलमात आहे ते आज रात्रीच वाचा. बहुतेकांत ‘पहिला अर्ज पाठवेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं.