अनुभव धागा: शिक्षकाच्या घरची नाताळची सहल आणि मागे राहिलेला वर्ग

काल रोजच्या पाठांच्या जुन्या टाचणवह्या रद्दीत देण्यासाठी काढल्या, तेव्हा २०२३ सालच्या वहीतून मनगटाला बांधायची एक निळी कागदी पट्टी खाली पडली आणि खोपोलीजवळच्या थीम पार्कची आमची सहल आठवली. मी चोपडा तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आम्हाला नाताळची सुट्टी म्हणजे २५ डिसेंबर हा एकच दिवस; आठवडाभराची सुट्टी इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या माझ्या मुलाला. त्या वर्षी २५ तारीख सोमवारी आली होती, म्हणून शनिवारी सकाळची शाळा करून आम्ही जळगावहून रात्रीची गाडी धरली आणि कल्याणला उतरून कर्जतमार्गे खोपोली गाठली.

निघण्याच्या दोन दिवस आधी वर्गात वाचनचाचणी झाली होती. ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी कार्यक्रमाच्या मापाप्रमाणे तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचायला हवेत. मोबाइलवर वेळ लावून मी एका मुलाला उभे केले. तो चौदाव्या शब्दावर अडकला, मागची मुले हसली आणि तो हळूच म्हणाला, “माले नही येत, मॅडम.” तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, चौथीची गणिते फळ्यावर अर्धी राहिली होती, मी “बस खाली” म्हणून पुढचे नाव घेतले.

पार्कमध्ये पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर माझा मुलगा उंची मोजण्याच्या खांबाला चार बोटे कमी पडला. चूक आमचीच होती, कारण नियम आधी वाचायला हवा होता. तिथल्या तरुणाने अगदी सौम्यपणे “बाळा, बाजूला उभा राहा” म्हटले. मुलगा टाचा उंच करून पुन्हा खांबाला टेकला आणि मागे कोणीतरी हसले. त्या क्षणी मला माझ्या मुलाआधी चौदावा शब्द आठवला.

आपल्यापैकी कोणाच्या घरी शिक्षक असतील, तर अशा सहलीत शाळा कशी सोबत आली, ते अवश्य लिहावे.

बोरीकाठ
आमच्या अमळनेरला नाताळच्या सहलीत एक निराळीच अडचण येते. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे त्या दिवशी गावाबाहेर असणे म्हणजे घरच्या कार्याला दांडी मारल्यासारखे वाटते. एकदा मी पत्नी आणि मुलींसह त्याच दिवशी पार्कमध्ये होतो. आदल्याच आठवड्यात सातवीच्या एका मुलावर मी इतका ओरडलो होतो, की शेजारच्या वर्गातील शिक्षक दारात येऊन उभे राहिले होते. पाळण्यात बसलो असताना कार्यक्रमाची छायाचित्रे मोबाइलवर आली, आणि गुरुजींच्या तसबिरीला हार घालणारा विद्यार्थी नेमका तोच होता. अमळनेरच्या शिक्षकाला कोणावर धड रागावताही येत नाही, हे आमचे जुने दुखणे आहे.

केळीचा घड
मी शिक्षक नाही, शिक्षिकेचा नवरा आहे. तेव्हा माझाही अनुभव ग्राह्य धरावा. आमच्या सहलीत सौभाग्यवती प्रत्येक रांगेत ऑनलाइन माहिती भरत होत्या. वरून संदेश आला होता, की पटसंख्या, पोषण आहाराचे लाभार्थी आणि आधार जुळलेले विद्यार्थी यांची माहिती “आजच, तातडीने” पाठवावी. तो रविवार होता. पार्कमधल्या राइडची बोट पाण्यात उतरताना बसलेल्या सगळ्यांचे छायाचित्र आपोआप काढले जाते. त्यात आमची दोन्ही मुले किंचाळत आहेत, मी डोळे मिटले आहेत आणि बाईसाहेब फोन पदराखाली धरून बसल्या आहेत. ते छायाचित्र आम्ही विकत घेतले आणि फ्रिजवर लावले आहे.

वांगं भाजणारी
डबा कोणी नेला होता का? आम्ही भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या नेल्या होत्या. डिसेंबरात खानदेशी माणूस दुसरे काय नेणार? बाहेरचे अन्न आत नेता येत नाही, हे फाटकावर कळल्यावर सासूबाईंनी तिथेच सावलीत चादर अंथरली आणि अकरा वाजताच सर्वांना जेवायला बसवले. माझ्या नणंदबाई माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी सवयीने मुलांना उंचीप्रमाणे ओळीत बसवले आणि हात धुतले का ते तपासले.

सरपणी
मी नवापूर तालुक्यात आहे. इथे नाताळ बाहेरून आलेली सुट्टी नाही, माझ्या अर्ध्या वर्गाच्या घरचा सण आहे. डिसेंबरात रात्री उशिरापर्यंत भजनाची मंडळी घरोघरी फिरतात आणि मुले त्यांच्यासोबत असतात. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते. सकाळी बाकावर झोपणाऱ्या मुलांना मी आळशी म्हणून मोकळी झाले. त्यांची घरची बोली मावची, माझी अहिराणी आणि पुस्तक प्रमाण मराठीत, त्यामुळे झोपेचे कारण त्यांनी सांगितले असले, तरी मला समजले असते की नाही, कोण जाणे. त्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीच्या आईने मला २५ तारखेला जेवायला बोलावले होते, आणि आमची पार्कची तिकिटे आधीच काढलेली होती. दुसऱ्या दिवशी ती मुलगी डब्यात भात आणि कोंबडीचा रस्सा घेऊन आली. रस्सा दप्तरात सांडून भाषेचे पुस्तक पिवळे झाले होते. डिसेंबरातली सहल त्यानंतर आम्ही बंद केली. आता मे महिन्यात जातो.

बोरीकाठ
सरपणीताई, पुस्तकाचे पुढे काय झाले?

सरपणी
ते मी घेतले आणि माझी प्रत तिला दिली. पान उघडले, की अजून मसाल्याचा वास येतो.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. माझ्या गोष्टीचा पुढचा भाग लिहायचा राहिला होता. मंगळवारी शाळेत गेल्यावर त्याच मुलाने विचारले, “मॅडम, तठे काय काय व्हतं?” मी त्या पार्कमधल्या राजासोरसविषयी सांगितले, या डायनोसोरचे अवशेष गुजरातेत सापडले, आणि त्याच्या शास्त्रीय नावात आपल्या नंदुरबारच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या नर्मदेचे नाव आहे, हेही सांगितले. फळ्यावर शब्द लिहिला. त्याने बोट फिरवत मोठ्याने वाचले, “राजासारखा.” या वेळी वर्ग हसला, तेव्हा तोही हसला. चाचणीच्या तक्त्यात त्याची नोंद मात्र तशीच राहिली, कारण १४ चे ६० एका डायनोसोरने होत नाहीत.

तो आता पाचवीला शेजारच्या गावी जातो. परवा वाटेत भेटला, “राजासारखा, मॅडम!” म्हणून ओरडला आणि सायकल पुढे काढली.