ड्युनेडिनमधील खणांचे जुने कपाट: लाकूड आणि घराणे यांचा शोध कसा घ्यावा?

दक्षिणवारा: आम्ही न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे राहतो. गेल्या महिन्यात एका घरसामानाच्या विक्रीत खणांचे एक उंच कपाट घेतले. वरच्या ओळीत मधोमध टोप्या ठेवण्याचा खोल खण, त्याच्या दोन्ही बाजूंना लहान खण आणि खाली पूर्ण रुंदीचे तीन खण आहेत. हे कपाट 1848 साली ‘फिलिप लेंग’ जहाजातून एका स्कॉटिश कुटुंबाबरोबर आले, असे विकणाऱ्या आजींनी सांगितले. ही हकीकत पडताळावी कशी, आणि काळवंडलेले पॉलिश खरवडावे काय?

जुनेलाकूड: पॉलिश कृपया खरवडू नका. ते बहुधा लाखेचे असेल (आणि ती लाख त्या काळी मुख्यतः हिंदुस्थानातूनच जात असे). खरवडताना वापराच्या खुणा, म्हणजे तुमचा निम्मा पुरावा, निघून जाईल. मऊ फडक्याने पुसून थोडे मेण लावणे पुरेसे आहे.

या घडणीला तिकडे ‘स्कॉच चेस्ट’ म्हणतात. दर्शनी भागावर महोगनीचा पातळ थर चिकटवलेला असू शकतो, म्हणून बाहेरून निष्कर्ष काढू नका. खण पूर्ण बाहेर काढून त्यांच्या बाजू, तळ आणि कपाटाची पाठ पाहा. तेथे युरोपातील पाइन असेल तर कपाट स्कॉटलंडमधून आलेले असू शकते. रिमू (न्यूझीलंडमधील देशी झाडाचे लाकूड) निघाले तर ते न्यूझीलंडमध्येच घडले, असे मी धरेन. सागाला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना तांबूस, गडद रेषांचे रिमू चटकन ओळखू येत नाही. कौरीचे वृक्ष उत्तरेतच वाढतात, परंतु त्यांच्या फळ्या जहाजाने दक्षिणेत येत, त्यामुळे कौरी आढळल्यासही नवल नाही.

वंशवेल: त्या जहाजातून 247 प्रवासी 15 एप्रिल 1848 रोजी पोहोचले, त्यांची नावे तुमच्याच गावातील तोइतू ओटागो सेटलर्स म्युझियममध्ये विचारा. ड्युनेडिनची ही वसाहत स्कॉटलंडमधील फ्री चर्चच्या मंडळींनी आखली होती. ते चर्च 1843 मध्ये तेथील सरकारमान्य चर्चमधून फुटून निघाले असल्याने, त्यानंतरच्या बाप्तिस्म्याची नोंद त्या सरकारमान्य चर्चच्या वहीत न मिळाल्यास निराश होऊ नका. स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी 1855 साली सुरू झाली आणि तेथील मृत्युनोंदीत आईच्या माहेरच्या आडनावासह दोन्ही पालकांची नावे विचारली जात. म्हणून मायदेशी राहिलेल्या भावंडांच्या नोंदी आधी शोधा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

दक्षिणवारा: काल सगळे खण काढले. तळ आणि पाठ दोन्ही रिमूची आहेत, तेव्हा 1848 च्या जहाजाची गोष्ट टिकत नाही.

वंशवेल: कपाटाची टिकत नाही, कुटुंबाची मात्र टिकू शकते. 1861 मध्ये ओटागोतील गॅब्रिएल्स गली या घळीत सोने सापडल्यावर ड्युनेडिन झपाट्याने वाढले, आणि आधी आलेल्या घरांनी त्या भरभराटीत स्थानिक सुताराकडून आपल्या मुलखाच्या घडणीचे कपाट करवून घेणे अगदी स्वाभाविक आहे. आजींनी सांगितलेले आडनाव ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळावरील न्यूझीलंडच्या जुन्या वृत्तपत्रांत, विशेषतः घरसामानाच्या लिलावाच्या जाहिरातींत, शोधून पाहा.