मदत हवी आहे : अॅलन रिकमनची नाटकं कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी, मी अॅलन रिकमनला ओळखायचो ते फक्त हॅरी पॉटरमधला स्नेप म्हणून, पण परवा सहज वाचायला बसलो आणि थक्कच झालो, म्हणजे हा माणूस आधी ग्राफिक डिझायनर, मित्रांबरोबर स्वतःचा स्टुडिओ चालवत होता आणि तो सोडून 26 व्या वर्षी लंडनच्या राडा (RADA, तिथली नामांकित नाट्यशाळा) मध्ये अॅक्टिंग शिकायला गेला!! मग रॉयल शेक्सपिअर कंपनी, तिथे 1985 ला 'ले लियेझाँ दान्जरूझ' मधला व्हालमाँ, तेच नाटक 1987 ला ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी), त्यासाठी टोनी या नाट्यपुरस्काराचं नॉमिनेशन. पहिला सिनेमा 'डाय हार्ड' 1988 चा, तेव्हा वय 42. (आपल्याकडे या वयात लोक व्हीआरएसचा हिशोब करायला लागतात.)

तर प्रश्न असा की व्हालमाँचं किंवा 2002 च्या ब्रॉडवेवरच्या 'प्रायव्हेट लाइव्ह्ज'चं पूर्ण रेकॉर्डिंग कुठे बघता येतं का? न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत नाटकांच्या रेकॉर्डिंगचा मोठा संग्रह आहे पण तो तिथे जाऊनच बघावा लागतो म्हणे. तिकडे राहणाऱ्या कोणी बघितलंय का काही? आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते का? भाऊ न्यू जर्सीत असतो, डिसेंबरात त्याच्याकडे जाणारे म्हणून विचारतोय.

आणि तोपर्यंत घरबसल्या काय बघू? बीबीसीची 1982 ची 'बार्चेस्टर क्रॉनिकल्स' सिरीयल, ज्यात तो तेलकट गोडबोल्या पाद्री स्लोप झालाय, ती इथे भारतात कशावर मिळेल? यूट्यूबवर तुकडे सापडले पण आवाज इतका खराब की ज्याच्यासाठी बघायचं तेच नाही!