शब्दचर्चा: ‘दुर्मीळ व्यक्तिमत्त्व’ की ‘वेगळा पिंड’?

समुपदेशक, जुळे सोलापूर

बारावीच्या मुलांसाठी मराठीतून एक पत्रक करते आहे. व्यक्तिमत्त्वचाचणीत ‘आय-एन-एफ-जे’ निघाला, म्हणजे सर्वांत कमी जणांचा म्हणून गाजलेला प्रकार, की मुलं घाबरून विचारतात: माझ्यासारखं कुणीच नाही, मग मी करू काय? शीर्षक असं ठेवलंय: ‘दुर्मिळ व्यक्तिमत्त्व प्रकाराच्या व्यक्तींनी जीवनातील आपला मार्ग कसा शोधावा’. वाचताना ते मराठी वाटत नाही. काय बदलू? आणि ‘दुर्मिळ’ की ‘दुर्मीळ’?

मराठीचे शिक्षक, बाळीवेस

ताई, शुद्धलेखनाचं आधी उरकतो. ‘दुर्मीळ’ लिहा. शब्द तत्सम नाही, ‘मिळणे’वरून झालेला आहे. त्यामुळे अकारान्त मराठी शब्दातला शेवटून दुसरा इकार दीर्घ, हा नियम लागतो. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: ‘दुर्मिळता’. ‘व्यक्तिमत्त्व’मध्ये ‘त्त्व’ जोडून लिहा, ‘महत्त्व’सारखं. पत्रकात ‘अंतर्मुखी’ आलं असेल तर ते हिंदी वळण आहे, मराठीत ‘अंतर्मुख’.

आता अर्थ. ‘दुर्मीळ’ हा शब्द मिळवणाऱ्याच्या बाजूने बोलतो. दुर्मीळ नाणं, दुर्मीळ पोथी, दुर्मीळ औषध. ‘अशी माणसं दुर्मीळ झाली’ म्हणतात, पण ते दुसऱ्याबद्दल आणि कौतुकाने. ‘विरळा’चंही तसंच. सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल तो म्हणायला लावलं, तर एक तर त्याला गर्व होतो, नाही तर तो एकटा पडतो.

ज्वारी उत्पादक, मोहोळ

‘विरळ’ वेगळं आणि ‘विरळा’ वेगळं, हे शेतात कळतं. ज्वारी उगवली की १०-१२ दिवसांनी विरळणी करतात. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत, म्हणजे रोपांत, १५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. उशीर झाला तर मुळं गुंततात आणि एक रोप उपटताना शेजारचंही हलतं. इथे ‘विरळ’ म्हणजे मोलाचं नव्हे, मध्ये जागा असलेलं. त्या मुलांना जे वाटतंय ते हेच असावं. आपण फार थोर आहोत असं त्यांना वाटत नाही, शेजारचं ताट लांब आहे एवढंच.

मानसशास्त्राचे प्राध्यापक, सात रस्ता

मोहोळकरांनी नेमकं सांगितलं. आकडाही तपासून घ्या. कार्ल युंग यांनी १९२१मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी परस्परविरुद्ध वृत्तींच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडीतलं एकेक अक्षर घेऊन सोळा प्रकार बसवले. ‘आय-एन-एफ-जे’चा सुमारे दीड टक्का हा आकडा अमेरिकेतल्या नमुन्यावरचा आहे, तो सोलापूरला जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि लावलाच, तर २०११च्या जनगणनेतली शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. तिचा दीड टक्का म्हणजे चौदा हजारांहून जास्त माणसं. ‘माझ्यासारखं कुणीच नाही’ हे वाक्य तिथेच कोसळतं.

दुसरी चूक अक्षराची. समजा एका जोडीत २१ प्रश्न आहेत. ११ विरुद्ध १० आले काय आणि २० विरुद्ध १ आले काय, अक्षर एकच मिळतं. मधोमध असलेल्या मुलाचं अक्षर पुढच्या महिन्यात उलटू शकतं. म्हणून पत्रकात अक्षरांऐवजी गुण लिहायला सांगा. नेटवरच्या फुकट चाचण्या म्हणजे ब्रिग्ज-मायर्स यांची मूळ चाचणी नव्हे, हेही ठळक छापा. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण सोळा खणांत मावत नाही.

मराठीचे शिक्षक, बाळीवेस

म्हणूनच मी ‘पिंड’ सुचवतो. ‘प्रकार’ विचारला की उत्तर एका खणात जाऊन बसतं. ‘पिंड’ विचारला की पुढे ‘कशाचा?’ येतंच. पिंड मास्तरचा, पिंड कार्यकर्त्याचा, पिंड कारागिराचा. शिवाय क्रियापद पाहा: पिंड ‘पोसला’ जातो, ‘घडतो’. कशावर पोसला, हे सांगावं लागतं. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्या भाषेनेच ही मोकळीक ठेवली आहे, आणि तुमच्या मुलांना तीच हवी आहे.

एक सोलापुरी अडचण मात्र येईल. सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांच्या या गावात ‘पिंड’ म्हटलं की आधी महादेवाची पिंड आठवते. ती पिंड, स्त्रीलिंगी. स्वभावाचा तो पिंड, पुल्लिंगी. ‘माझी पिंड वेगळी’ असं कुणी लिहिलं तर तिथेच दुरुस्त करा.

समुपदेशक, जुळे सोलापूर

सर, पटलं. पालक ‘लई गप गप असतंय’, ‘एकलकोंडं झालंय’ म्हणतात, ते सगळं ‘अंतर्मुख’मध्ये घालू का?

मानसशास्त्राचे प्राध्यापक, सात रस्ता

अजिबात नको, सल्ला तिथेच चुकतो. ‘भिडस्त’ म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही. ‘बुजरा’ अनोळखी माणसापुढे बिचकतो, जनावर बुजतं तसा, आणि ओळख झाली की मोकळा होतो. ‘घुमा’ मनातलं बाहेर येऊ देत नाही. ‘एकलकोंडा’ हा बाहेरून मारलेला शिक्का आहे, त्यातून आतलं काहीच कळत नाही. ‘अंतर्मुख’ला तर बोलीत वेगळाच अर्थ आहे: ‘त्या प्रसंगाने तो अंतर्मुख झाला’ ही तात्पुरती अवस्था. म्हणून पत्रकात ‘अंतर्मुख वृत्तीचा’ असं पूर्ण लिहा.

भिडस्त मुलाला अंतर्मुख समजून एकट्याने करायचं काम सुचवलं, तर तिथेही तो इतरांचीच कामं ओढत बसतो. त्याला नकार देण्याचा सराव हवा होता, एकांत नव्हे.

पिंड ओळखायला १४ दिवस वही ठेवायला सांगा. तीन रकाने: केलेलं काम, लागलेली मिनिटं, कामावरून उठल्यावर काय करावंसं वाटलं. कामाच्या रकान्यात ‘अभ्यास’, ‘मदत’ असं मोघम नको, क्रियापद हवं: समजावलं, जुळवलं, खोललं, ऐकून घेतलं, मोजलं. ज्या क्रियापदाजवळ वेळेचं भान सुटून मिनिटं वाढलेली आणि उठल्यावरही तेच करावंसं वाटलेलं पुन्हा पुन्हा दिसतं, ते ‘माझा पिंड …णाऱ्याचा’ यात भरायचं. तिथे ‘डॉक्टर’, ‘इंजिनिअर’ भरू देऊ नका. तो हुद्दा झाला, आणि एकाच हुद्द्यात ऐकून घेणाराही असतो आणि जखम शिवणाराही.

मुद्रितशोधक, पूर्व भाग

‘कल’ही पत्रकात जपून वापरा. राज्य मंडळाने २०१६पासून काही वर्षं दहावीला कलचाचणी घेतली, त्यामुळे पालकांना तो शब्द निकालासारखा वाटतो. कल म्हणजे कुठे झुकतोय तेवढंच, जमेल की नाही हे अभिक्षमता सांगते.

आणि ‘मार्ग शोधणे’ काढा. शोधायचा म्हटलं की तो आधीपासून कुठेतरी तयार आहे असं वाटतं. अडचणीतून ‘वाट काढतात’, चालून चालून ‘पायवाट पडते’. मुलांना दोन्ही शब्दप्रयोग ठाऊक आहेत.

समुपदेशक, जुळे सोलापूर

मग शीर्षक ‘पिंड वेगळा असेल तर वाट कशी काढावी?’ असं करते. चाचणीची अक्षरं आतल्या पानावर, गुणांसह देते. पहिल्या पानावर वहीचे तीन रकाने आणि खाली रिकामी ओळ: माझा पिंड ______णाऱ्याचा.

मराठीचे शिक्षक, बाळीवेस

मुलींसाठी ओळ बदलायची गरज नाही ना, हे पाहून घ्या. ‘समजावणाऱ्याचा’ पुल्लिंगी वाटत असेल तर ‘माझा पिंड ______ण्याचा’ ठेवा. समजावण्याचा, जुळवण्याचा. ते दोघांनाही चालतं आणि क्रियापदही शाबूत राहतं.